जिराफाची जागा

खर्र... ब्लेड टाइलवरून सरकलं आणि सामान बांधून रिकामं झालेलं स्वयंपाकघर शहारलं. भानूनं दोन्ही कान झाकले.

"नको ना आई. उसको लग रहा है."

"टाइलला कुठं लागतंय, वेडे," सिंधू म्हणाली, पण ब्लेड तिनं खाली ठेवलं. ओरखडा उठला असता तर क्वार्टर ताब्यात घ्यायला येणारा बाबू बोलला असता.

चौथ्या वाढदिवसाला नीलकंठनं लेकीला कागदी जिराफ आणला होता. मानेवर आकडे असलेला, उंची मोजायचा. भिंतीच्या टाइलवरून निघू नये म्हणून त्यानं मागं भरपूर गोंद थापला होता. "पुढच्या वाढदिवसाला बघ, माझी भानू इथपर्यंत!" काल कागद फाडून काढला. गोंद मागं उरला. वाळून दगड झालेला, हुबेहूब जिराफाच्या आकाराचा.

सिंधूनं बोटांवर खोबरेल घेतलं आणि त्या डागावर चोळलं, तान्ह्याच्या टाळूवर घालावं तसं. थोडं मुरू दिलं. मग लाकडी उलथन्यानं कडेकडेनं सोडवायला लागली. गोंदाच्या वळ्या सुटून खाली पडू लागल्या.

नीलकंठची फील्डवर बदली झाली होती. तिथं बायकामुलांना नेता येत नाही. मायलेकी आज संध्याकाळच्या गाडीनं गावी निघणार होत्या, दोन वर्षांसाठी. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई तिथं एकट्याच होत्या. "फौजेपुढं माझं काय चालतंय गं?" म्हणताना नीलकंठचे डोळे भरून आले होते. तिनंच त्याला धीर दिला. प्रेमनगरच्या शाळेतली नोकरी शनिवारी सोडली, तीही हसतमुखानं.

शेवटी सोड्याच्या कढत पाण्यानं तिनं टाइल पुसली. तेवढ्यात दार वाजलं.

बाबूनं भिंतीवरून बोट फिरवलं. "वाह भाभीजी! एकदम शीशा कर दिया."

"ये भी परसों फील्ड निकल रहे हैं ना भैया, इसलिए आज ही सब निपटा लिया."

बाबूनं रजिस्टरमधून मान वर केली. "फील्ड? हवलदार साहब को तो यहीं झाँसी में दो साल और मिले हैं. खुद माँगे थे."

त्यानं क्वार्टर सोडायचा अर्ज सहीसाठी पुढं सरकवला. नीलकंठचं वळणदार अक्षर. 'माताजी की सेवा हेतु परिवार को गाँव भेज रहा हूँ. मैं बैरक में रहूँगा.' खाली तारीख होती. भानूच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवसाची.

म्हणजे गोंद थापताना त्याला ठाऊक होतं.

नुसतं विचारलं असतं, तरी ती गेली असती.

तिनं सही केली. तेलाच्या बोटाचा ठसा कागदावर उमटला. "अच्छा, भाभीजी," म्हणत बाबू निघून गेला.

सिंधू वळली. भानू त्या लख्ख भिंतीला पाठ लावून उभी होती. टाचा जोडलेल्या, मान ताठ, पंजा आडवा डोक्यावर धरलेला.

"आई, पुढच्या वाढदिवसाला बाबा मला कुठं मोजणार?"