शेगडीचा फोटो

घरातून निघताना शेगडीचा फोटो काढायचा, हा उपाय समुपदेशक बाईंनी सुचवला. गॅस चालूच राहिला असेल या धास्तीने मी रोज अर्ध्या रस्त्यातून परत फिरायचे. "भीती वाटली की फोटो बघा. पण एकदाच," त्या म्हणाल्या.

नवरा चिडवतो, "तुझ्या फोनमध्ये माझ्यापेक्षा शेगडीचेच फोटो जास्त!"

आज दुपारी कामावर असताना छातीत धडधडायला लागलं. सकाळचा फोटो उघडला. दोन्ही बटणं बंद होती. जीव भांड्यात पडला.

मग फोटोतल्या शेगडीशेजारच्या स्टीलच्या किटलीकडे लक्ष गेलं. तिच्या चकाकीत मी दिसत होते, लेकीला छातीशी धरून. तिची इवलीशी मूठ माझ्या कॉलरीवर आवळलेली. मी तिला दोन्ही हातांनी धरलं होतं.

दोन्ही हातांनी. मग फोन कुणाच्या हातात होता?

कालचा फोटो पाहिला, परवाचा पाहिला. सगळ्यांत मी तशीच, दोन्ही हात लेकीभोवती.

'एकदाच'चा नियम मोडलाच होता, म्हणून पाळणाघरात फोनही केला. "मावशी, बाळ झोपलंय ना?"

मावशी खळखळून हसल्या. "डोकं ठिकाणावर आहे ना गं तुझं? आत्ताच तर घेऊन गेलीस तिला! शेगडीचा फोटो काढायचा राहिलाय म्हणालीस, नि केवढी ती घाई!"