खिडकीतला टॉवेल

"अडुसष्ट किलो सहाशे," सुनीतीने काट्यावरचा आकडा वाचला. मोबाईलच्या पडद्यावर पाचही जणींनी टाळ्या वाजवल्या. तिच्यासारख्याच स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या, वजन उतरवायला दर सोमवारी सकाळी अशा जमणाऱ्या बायका. दोन महिने अडून बसलेला काटा आज चारशे ग्रॅम खाली आला होता.

तेवढ्यात तिचं लक्ष खिडकीकडे गेलं. धुतलेला सिलिकॉनचा स्तन टॉवेलखाली वाळत होता. तीन वर्षं तिने तो घरात कुणाला दिसू दिला नव्हता. आज घालायचाच राहिला होता.

"टाळ्या परत घ्या," ती ओशाळून म्हणाली. "उतरलेलं वजन खिडकीत वाळतंय."

गटातल्या सगळ्यात थोरल्या कुंदाताई खाकरल्या. "मी तर पहिल्या दिवसापासून काढूनच उभी राहते गं."

"मीपण," दुसरी म्हणाली. तिसरीने नुसताच हात वर केला.

हसून हसून सुनीतीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं गं एवढं हसायला?" दाराबाहेरून सासूबाईंनी विचारलं.

"या ना आत," ती म्हणाली, आणि खिडकीतला टॉवेल उचलून घेतला.