दहापैकी शून्य

अमेरिकेतल्या मोंटानामधल्या एका क्लबात दर रविवारी लोक जुन्या काळचे काउबॉय बनून लोखंडी निशाण्यांवर बार काढायचे. हरणांच्या शिकारीत मुरलेला वेंडेल तिथे नवाच होता. एका वेळी एकच गोळी भरायची रायफल घ्यायला तो क्लबमधल्याच हँकच्या दुकानात गेला.

"असली पहिलीच ना? मग हीच घे, गड्या!" हँकने लांब नळीची जड रायफल पुढे केली. "जुनीची हुबेहूब नक्कल. असल्या रायफलींनीच आपल्या लोकांनी माळरानांवरचे सगळे गवे साफ केले!"

"आपल्या नाही. तुझ्या," वेंडेल म्हणाला. "मी ब्लॅकफीट आहे, इथल्या मूळच्या जमातीचा. गवे संपले त्या हिवाळ्यात त्यांच्यावरच जगणारी आमची माणसं भुकेनं मेली. माझ्या खापरपणजीनं चार पोरं पुरली."

हँक वरमला. "माफ कर. दुसरी दाखवतो."

"दुसरी कशाला? हीच बांध."

रविवारी दोनशे यार्डांवर लोखंडी गवा उभा होता. वेंडेल जमिनीवर पालथा झाला आणि त्याने शांतपणे, एकेक गोळी भरत दहा बार काढले. लोखंड एकदाही वाजलं नाही.

"दहापैकी शून्य!" कोणीतरी ओरडलं आणि सगळे खो खो हसले.

हँकने दुर्बीण डोळ्याला लावली आणि त्याचं हसू विरलं. गव्याच्या डोक्यापासून दोन हात बाजूला, मागच्या मातीच्या बांधात, ताटाएवढ्या जागेत दहाही भोकं होती.