शिंपलीची नोंद

शब्दकोशाच्या कचेरीत 'शिंपली' हा शब्द माझ्या वाट्याला आला, तेव्हा मी आईलाच विचारलं. तिनं दोन शिंपल्या माझ्या कानाशी एकमेकींवर वाजवल्या.

"भरीव वाजली की जिवंत. पोकळ वाजली की मेलेली, ती गिऱ्हाइकाला द्यायची नाही. एवढी पुस्तकं वाचलीस गं बाई, आणि हे मला विचारतेस!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही.

महिन्याभरानं संपादकांनी माझी नोंद वाचली.

"वापराचं वाक्य झकास आहे. कुठल्या पुस्तकातलं?"

आई शाळेत शिकवते, असं मी कचेरीत सांगून ठेवलं होतं.

"पुस्तकातलं नाही, सर. माझ्या आईचं आहे. ती बाजारात बसून शिंपल्या विकायची."