वर्गाची किल्ली

“कुलपं तुम्ही ठोकलीत. पोरांचं वाटोळं तुम्ही केलंत. आन आता आम्हालाच विचारता, पोरीला वाचता का येत नाय म्हणून?”

तात्यासाहेब वर्गाच्या मधोमध उभे होते. समोर तालुक्याहून आलेले साहेब, मास्क हनुवटीवर ओढून. तात्या शाळा समितीचे अध्यक्ष. पिशोरच्या बाजारात त्यांच्या शब्दाला वजन. ते साहेबांवर नजर रोखून बोलत होते. भिंतीकडं मात्र एकदाही बघत नव्हते.

विषय सुकेशनीचा होता. करोना आला तेव्हा तिला पहिलीत जायचं होतं. शाळा आत्ता उघडली आणि पोर थेट दुसरीत बसली. तात्यांची नात श्रेया घरी मोबाईलवर शिकली. सुकेशनीच्या घरात मोबाईल नव्हता. आज तिची आई वच्छलाबाई तिला कायमची न्यायला आली होती. पोरीचं दप्तर काखेत धरून ती दाराशी उभी होती. उद्यापासून पोर मेंढरांमागं जाणार होती.

“डोक्यातच नाय तिच्या,” वच्छलाबाई म्हणाली. “हितं बसवून काय करू?”

साहेबांचा आवाज खाली आला. “रोगाचा काळ होता, तात्यासाहेब. माणसं मरत होती.”

“व्हय ना. म्हणून तर मी हुकूम मोडला नाय. ह्या मॅडम गेल्या साली आल्या होत्या. वर्ग उघडा, चार-चार पोरं लांब बसवून शिकवते म्हणाल्या. किल्ली माझ्याच खिशात होती. पण दिली नाय.”

हुकूम सोयीचा असला की माणसं तो लई मनापासून पाळतात.

रत्नमाला मॅडम खाली बघत होत्या. तात्यांनी त्यांना वेशीवरूनच माघारी धाडलं होतं. शहरातला रोग गावात आणू नका, म्हणाले होते. मॅडमना ते पटलं. आपल्यामुळं एखादं लेकरू गेलं तर? त्या भीतीनं त्या परत फिरकल्याच नाहीत. ते त्यांना अजून टोचत होतं.

फरशीच्या फटीत मक्याचा एक दाणा अडकला होता. तात्यांनी त्यावर पाय ठेवला.

“पोरीला एकदा वाचू द्या,” साहेब म्हणाले. “मग न्या.”

मॅडमनी छडी भिंतीला लावली. भिंतीवर वरपासून खालपर्यंत अक्षरं रंगवलेली. सुकेशनीनं अ, आ, इ, ई धडाधड म्हटलं. पुढची ओळ, क, ख, ग, घ. तीही म्हटली. छडी त्याखालच्या ‘च’वर आली आणि पोर गप्प झाली.

“रोज इथंच थांबते,” मॅडम म्हणाल्या. “वरचं सगळं येतं, खालचं काहीच नाही.”

साहेब वाकले. “असं कसं गं? शाळा बंद होती तेव्हा कुठं होतीस तू?”

“शाळेतच.”

तात्या हसले. “लेकरू हाय. बोलतंय कायबी.”

“हितंच होते,” सुकेशनी म्हणाली. “आई पोती शिवायची. मी थप्पीवर बसून उंदरं हाकायचे. श्रेया यायची खेळायला. तिनं दिसत होती तेवढी अक्षरं शिकवली. बाकीची पोत्यांमागं होती.”

साहेबांनी भिंतीकडं बघितलं. ‘च’च्या ओळीपासून खाली रंग घासला गेला होता, पार जमिनीपर्यंत.

तात्यांची ती पोती वच्छलाबाईनंच वर्गात ओढली होती. दाराला आतून कडी तिनंच लावली होती. तात्यांच्या रानातलं काम जाईल म्हणून तोंड शिवून बसली होती. आणि आत्ता, सगळ्यांसमोर, स्वतःच्या लेकीला बिनडोक म्हणून मोकळी झाली होती.

तिनं काखेतलं दप्तर काढलं. पोरीच्या खांद्याला अडकवलं. मग चालत तात्यांसमोर आली. इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी कधी मान वर करून बोलली नव्हती.

“सायबाला जाब इचारत होता ना, तात्या? आता माझ्या पोरीला द्या. कुलूप रोगासाठी होतं का मक्यासाठी?”