दोन्ही बाजू

डाव्या कानात काहीच नव्हतं. धाकट्याने हेडफोन कानावर दाबून धरला, डोळे मिटले, पुन्हा ऐकलं. उजवीकडून बासरी येत होती. व्हायोलिनं डावीकडे होती, कालच त्याने स्वतःच्या हाताने बसवली होती. ती गायब.



साधी वायर असती तर तो एवढा घाबरला नसता. साध्या वायरीची पिन जरा सैल बसली की एक बाजू जाते, हे रोजचंच. पण ताईच्या स्टुडिओत शेवटची तपासणी वेगळी व्हायची. खिशात मावणारा प्लेअर, त्याच्या डिजिटल आउटमधून निघालेली एकच वायर, ती टेबलावरच्या डब्यात आणि डब्याला हेडफोन. त्या वायरीतून डावं-उजवं दोन्ही एकत्रच जातं, नुसत्या आकड्यांच्या रूपात; डबा त्यांचा पुन्हा आवाज करतो. आलं तर दोन्ही येतं, नाहीतर काहीच येत नाही. असली वायर अर्धी रुसत नाही. डब्यावरचे डावे-उजवे हिरवे दिवेही मजेत नाचत होते, म्हणजे आवाज डब्यातून धडधाकट बाहेर पडत होता. पुढे संशयित उरले दोनच. हेडफोन आणि त्याचा कान.

वडिलांचा आधी डावाच गेला होता. मग वर्षभरात उजवा. काय एकेक रेकॉर्डिंग केली होती त्या माणसाने! शेवटी शेवटी गिऱ्हाइकं समोर बसून चेष्टा करायची आणि ते हसून मान डोलवायचे.

हेडफोन उलटा घालून पाहिला असता तर लगेच निकाल लागला असता. धाकट्याची हिंमत होईना. शाळेतही तो निकाल बघायला मित्राला पाठवायचा. त्याने ताईला हाक मारली.

"ताई, जरा ऐक गं. दोन्ही बाजू सारख्या येतायत का?" आवाज त्याने जमेल तितका साधा ठेवला. हेडफोन स्वतःच तिच्या डोक्यावर बसवला, डावा डाव्यावर, उजवा उजव्यावर.

ताईचा कान म्हणजे शेवटचा शब्द. मोठमोठे वादक तिच्यापुढे गप्प बसायचे. तिने मान किंचित तिरकी केली. एकदा डब्यावरच्या दिव्यांकडे पाहिलं.

"अगदी सारख्या," ती म्हणाली. "व्हायोलिनं मस्त बसलीयत. दे पाठवून." आणि ती आतल्या खोलीत माइकच्या वायरी गुंडाळायला गेली.

म्हणजे कानच. धाकटा खुर्चीत बसला. दुसरं कुठलंही काम त्याला येत नव्हतं. बायकोला काय सांगायचं? ताईला काय सांगायचं? की कुणालाच काही न सांगता वडिलांसारखी मान डोलवत राहायची? ती व्हायोलिनं निदान चांगल्या कानाने एकदा ऐकावीत, एवढ्यासाठीच त्याने हेडफोन उलटा घातला.

उजवा कान गप्प झाला. आणि डाव्या कानात बासरी वाजली, लख्ख.

हे काय झालं ते कळायला त्याला जरा वेळ लागला. कान शाबूत होता. हेडफोनची डावी वाटी तेवढी मेली होती. त्याचा जीव भांड्यात पडला. तो एकटाच खुळ्यासारखा हसत सुटला, उठून वायर काढायला लागला आणि काढता काढता थांबला.

अगदी सारख्या, म्हणाली होती ताई.

तो आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"ताई, तो हेडफोन बिघडलाय. डावीकडून काहीच येत नाहीये."

ताईचे हात थांबले. चेहऱ्याचा रंग उडाला.

"मला वाटलं," ती म्हणाली, "तुला येत असेल."