नऊ हजार नऊशे शहाऐंशी

"गाडी चालतेय ना काका? मग झालं तर!" काउंटरपलीकडचा अ‍ॅडव्हायझर कॉम्प्युटरवरून नजर न काढता म्हणाला. "मीटरचा क्लेम कंपनीने नाकारलाय. आत पाणी शिरलंय. पाणी वॉरंटीत बसत नाही."

घड्याळजीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सर्व्हिस सेंटरची ही चौथी फेरी. पहिल्या फेरीत पार्ट मागवला होता. दुसऱ्या फेरीत तो आला, पण भलत्याच मॉडेलचा. तिसऱ्या फेरीत उंदराने वायर कुरतडली असेल असं निघालं. आणि आज पाणी. चाळीस वर्षं घड्याळं उघडून बसलेल्या माणसाला हे सांगणार, पाणी शिरलेली काच कशी दिसते ते! मीटर त्याने घरीच खोलला असता, अर्ध्या तासात. पण सील तुटलं की वॉरंटी संपली, हेही यांनीच बजावलं होतं.

"पाणी गेलं तर काचेला आतून वाफ धरते," तो म्हणाला. "ही काच ठणठणीत कोरडी आहे."

"रिपोर्ट तसा आलाय काका. मी काय करू?"

मागच्या बाकावर त्याची बायको बसली होती, दोन्ही हेल्मेटं मांडीवर घेऊन. एरवी तिच्यासोबत बसणारी शेजारीण गावाला गेली, म्हणून आज तिला आणावं लागलं. येताना सबंध रस्ताभर ती गप्प होती. गेले पाच आठवडे ती गप्पच होती.

दीड वर्षापूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला. हातपाय काही महिन्यांत सावरले. वाचा मात्र गेली. बोलायला शिकवणाऱ्या बाई शहराच्या दुसऱ्या टोकाला. बसच्या पायऱ्या हिला चढवेनात. तेव्हा घड्याळजीने साठी उलटल्यावर आयुष्यातली पहिली मोटरसायकल घेतली. गल्लीत लोक हसले. हसू देत.

तिसऱ्या दिवशी एका सिग्नलला, त्याच्या खांद्यावरून डोकावत ती म्हणाली, "सात."

त्याला आधी भासच वाटला. मग त्याने मीटर पाहिला. शेवटचा आकडा सात होता. थोड्या वेळाने मागून आलं, "आठ." घराची गल्ली आली तरी तो वळला नाही. नऊ ऐकूनच परतला.

"आकडे तर आकडे," बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "जे येतंय ते येऊ द्या."

मग काय, उपचाराचा दिवस असो नसो, दोघं निघायचीच. गाडी तो चालवायचा, मीटर ती वाचायची. दुसरा एक शब्द तिच्या तोंडून निघत नव्हता, पण आकडे निघत होते. हजार पुरे झाले त्या दिवशी तिने "हजार!" म्हणून त्याच्या पाठीत असा धपाटा घातला, की गाडी डगमगली. दहा हजार तलावाकाठी पुरे करायचे असं त्याने मनाशी ठरवलं होतं. आणि नऊ हजार नऊशे शहाऐंशीला मीटर विझला. त्याच्याबरोबर तीही.

हे सगळं या काउंटरवर सांगायचं कसं? तीन फेऱ्यांत त्याला ते जमलं नव्हतं. मीटर हवाय, मीटर हवाय, एवढंच तो म्हणत राहिला, आणि इथल्या लोकांनी त्याला हेकट म्हातारा ठरवून टाकलं.

आताही त्याने तोंड उघडलं. निघालं ते पुन्हा तेवढंच, "मीटर हवाय." अ‍ॅडव्हायझरने पुढच्या गिऱ्हाइकाला खूण केली.

"खोटं."

आवाज खरखरीत होता. ओळखायला घड्याळजीला क्षणभर लागला. बायको उठून काउंटरशी आली होती. एक हेल्मेट गडगडत बाकाखाली गेलं, तिकडे तिचं लक्षही नव्हतं.

"काय म्हणालात काकू?"

"खोटं... बोलतोस." तिने बोट रोखलं. कपाळावर घाम फुटला होता. "पाणी... नाही गेलं. मी पुसते. रोज."

घड्याळजी बघतच राहिला. रोज सकाळी ती अंगणात जायची, ती ऊन खायला, अशी त्याची समजूत होती.

"कोरड्या..." ती अडली. ओठ नुसतेच हलले. पुढचं गिऱ्हाईकही हातातली किल्ली वाजवायचं थांबलं. "कोरड्या... फडक्याने. चौदा राहिलेत. आमचे. दे!"

अ‍ॅडव्हायझर खुर्चीवरून उठून उभा राहिला. त्याने रिपोर्टकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि तो कागद उलटा करून ठेवला.

"मॅनेजरांशी आत्ताच बोलतो काकू. क्लेम मी मंजूर करून घेतो. परवा मीटर बसेल, नक्की."

ती अजून बोट रोखूनच उभी होती, पुढच्या उत्तराला तयार. घड्याळजीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो काउंटरवर वाकला, अ‍ॅडव्हायझरचं मनगट त्याने घट्ट धरलं आणि तिला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला,

"साहेब, पाया पडतो तुमच्या. तिला अजून एकदा 'नाही' म्हणा."